जावक नोंदवही

विषय क्रमांक एकोणतीस. ऐनवेळचा.
त्याआधीचे सत्तावीस पाण्याचे, गटारीचे,
एक विडी घरकुलातल्या बंद दिव्यांचा.
शिपाई कप उचलायला आत आला होता
तेव्हा नागमणी म्याकल उभ्या राहिल्या,
चष्मा घरी विसरलेल्या,
कागद हातभर लांब धरून:

"ही सभा ब्रह्मदेशातील निवडून आलेल्या
व तुरुंगात ठेवलेल्या सदस्यांना
पाठिंबा देत आहे.
तेथील संसद पुन्हा भरावी,
लष्कराने बराकीत परत जावे,
यासाठी दिल्लीने बोलावे, अशी शिफारस करीत आहे."

मागून बिराजदार म्हणाले,
"बाई, उजनीची लाइन फुटून पाच दिवस झाले.
आधी आपल्या नळाला लोकशाही येऊ द्या की."
मी कंसात लिहिलं: (हशा).
अठरा वर्षं इतिवृत्त लिहितोय,
हे सभागृह कुठं हसतं, मला पाठ आहे.

म्याकल थांबल्या.
मागावरचा तंतू खाली बसू द्यावा
तसं हसू बसू दिलं.
मग म्हणाल्या, आमच्या ताताचे थोरले भाऊ
रंगूनला होते, भाताच्या गिरणीत.
बेचाळीसला चालत निघाले.
डोंगरात एका बाईनं केळीच्या पानावर भात वाढला.
तिला यांची तेलुगू कळेना, यांना तिचं काही.
साखर पेठेत परत आले, माग घेतला,
म्हातारपणी लुंगीला गाठ मारता येईना,
तरी एवढं म्हणायचे:
तिचं नाव विचारायचं राहिलं.

सभागृहात पंख्याचा आवाज.
इनामदार चाचा, जे कोरमपुरते येतात,
बसल्या बसल्याच बोलले:
"चार पुतळ्यांवरनंच येता ना सगळे?
तीस साली आपल्या गावात लष्करी कायदा होता.
डोक्यावर पांढरी टोपी दिसली की धरायचे.
तेव्हा कुठल्या तरी लांबच्या गावात,
ज्याचं नाव आपण ऐकलं नाही,
कुणी तरी उभं राहिलं असेल,
असंच, चष्म्याशिवाय.
आणि मागचे हसले असतील."

बाजूने एकेचाळीस. तटस्थ नऊ.
बिराजदारांचा हात वर होता.
तो खाली घेता घेता माझ्याकडं बघून म्हणाले,
"पाण्याचं पण लिही बे त्यात."

पाणी सहाव्या दिवशी आलं, पहाटे तीनला.

प्रत एक, मुंबई. प्रत दोन, दिल्ली.
प्रत तीन "तिथल्या सभागृहाला," म्याकल म्हणाल्या,
आणि मी "बरं" म्हणून गेलो.
टपालघराच्या खिडकीतल्या बाईनं पाकीट उलटंपालटं केलं.
"सभागृह बंद आहे म्हणता,
मग तिथं सही कोण करणार?"
मला उत्तर येईना.
मागे रांगेत टॉवेलच्या कारखान्याचा पोरगा,
हातात नमुन्यांची पार्सलं,
दुबईची, हॅम्बर्गची.
ती सगळी गेली.

पाकीट माझ्या खणात आहे.
जावक क्रमांक आधीच पडला होता,
आणि जावक नोंदवहीत खाडाखोड चालत नाही.
म्हणजे कागदोपत्री ते गेलंय,
आणि शेंगाचटणीच्या डबीशेजारी
एका कोपऱ्याला तेल पिऊन पडलंय.

इतिवृत्त पक्कं करताना (हशा) पाशी आलो.
साहेब म्हणाले, काढून टाक, बरं दिसत नाही.
ठेवला.
उद्या कुणी वाचलंच
तर आधी हसलो होतो, हेही कळू दे.

म्याकल जिन्यात भेटतात, एका हातात कठडा.
"गेलं का हो पत्र?"
"गेलं. नंबर देऊ?"
"नंबर नको," त्या म्हणतात,
दम खाऊन पुढची पायरी चढतात,
"पोचलं की सांगा."